नको म्हणण्याची रीत

चंद्रहास खरवंडीकरांनी आयुष्यभर एकच धंदा केला. अंधारात विमानाला जमीन दिसावी म्हणून धावपट्टीच्या कडेने जे दिवे असतात ते लावायचे, पुसायचे, गेले की बदलायचे. आधी पुण्यात लोहगावला, मग मस्कतला, आणि गेली कित्येक वर्षं इराकच्या कुर्दी मुलखात, एर्बिलच्या विमानतळावर. लग्नामुंजीत नातेवाईक विचारायचे, "काय, चंद्रहासराव सध्या कुठे दिवे लावताहेत?" आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन आणखी एक जिलबी उचलायचे. त्यांच्या बायकोला, इरावतीबाईंना, दर वेळी हसावं लागायचं. देशोदेशीच्या माणसांना सुखरूप जमिनीवर उतरवणारा हा गृहस्थ स्वतः वर्षातून एक महिना घरी उतरायचा, हे त्या विनोदात कुणी धरत नसे.

इरावतीबाई आता ऑकलंडला मुलाकडे होत्या. विराज पेनरोजला एका कंपनीत गोदामांची सॉफ्टवेअरं करायचा, सून मनाली इंजिनिअर, आणि नात सिद्धी सहा वर्षांची, मराठी सगळं कळणारी आणि मराठीत एकाही प्रश्नाचं उत्तर न देणारी. माउंट वेलिंग्टनमधलं घर, मागे अंगण, अंगणात एक सुटी खोली. तिला इथे स्लीपआउट म्हणतात. विराजने ती आईबाबांसाठी हौसेने रंगवून घेतली होती. मोठा पलंग, दोन खुर्च्या आणि एक इलेक्ट्रिक ब्लँकेट, दोन बाजूंना दोन बटणं असलेलं. ज्याला जेवढी ऊब हवी तेवढी त्याने आपापल्या बाजूला घ्यावी. आल्यापासून त्याचं एकच बटण चालू होतं.

दोघांनाही इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली होती. तेही नशीबच म्हणायचं, कारण त्याच वर्षी पुढे सरकारने आईवडिलांसाठीचं ते दार लावून घेतलं. चंद्रहासराव २०१६च्या मार्चमध्ये पंधरा दिवस येऊन पासपोर्टावर शिक्का मारून परत गेले. त्या शिक्क्यापासून दोन वर्षांच्या आत सामान आवरून राहायला यायचं, असा नियम होता. २०१८चा मार्च संपायच्या आत आले तर घरचे. नंतर आले तर पाहुणे.

पाहुणे म्हणून यायची त्यांना चांगलीच सवय होती, हा भाग वेगळा. पुण्याच्या घरीही दर वर्षी आले की पहिल्या दिवशी न्हाणीघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "टॉवेल कुठला घेऊ?" स्वतःच्या घरात! इरावतीबाईंना त्या प्रश्नाचा इतका राग यायचा की त्या दर वर्षी नवा कोरा टॉवेल काढून द्यायच्या. जेवायला बसले की तीच तऱ्हा. पहिली वाढ मुकाट्याने घ्यायचे. मग पोळी नेली की ताटावर आडवा हात. "नको, पुरे." आपल्याकडच्या पहिल्या नकोला काही अर्थ नसतो. दुसऱ्याला थोडा असतो, पण तो न ऐकण्यातच वाढणारीचं कसब. तिसऱ्या वेळी हात बाजूला होतो, पोळी ताटात पडते, आणि जेवणारा कपाळाला आठी घालून ती पोटभर खातो. इरावतीबाईंनी ही वाढ उभ्या संसारात चुकवली नाही. वर्षातले अकरा महिने ज्या माणसाला आपण काहीच देऊ शकत नाही, त्याला निदान पोळी तरी.

घोळ झाला तो ऑकलंडच्या त्या पंधरा दिवसांत. मनालीच्या घरी पातेली टेबलावर मांडून ठेवायची आणि ज्याने त्याने घ्यायचं, अशी पद्धत. ती एकदा विचारायची, "बाबा, अजून भात?" ते म्हणायचे, "नको." मग ती पातेलं उचलून फ्रिजमध्ये टाकायची. तिचं चुकत होतं असं नाही. या देशात नको म्हणजे नको. समोरचा "स्वीट ॲज", म्हणजे हरकत नाही, म्हणतो आणि ताट घेऊन जातो. इरावतीबाई तेव्हा नव्या होत्या, सुनेच्या स्वयंपाकघरात हात घालावा की नाही या विचारात. एकदा त्या धुतलेले कपडे आणायला गॅरेजात गेल्या, तर चंद्रहासराव तिथे लॉनमोअरशेजारी उलट्या बादलीवर बसून कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, आणलेला बटाट्याचा पाय खात होते, सारण भरलेली खारीच म्हणा ना. पांढऱ्या मिशीला चुरा लागलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि इरावतीबाई कपडे घेऊन बाहेर आल्या. दोरीजवळ उभ्या राहून त्या एकट्याच हसल्या. मग त्यांना फार वाईट वाटलं. माझ्या देखत माझा माणूस उपाशी राहिला, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

जाताना चंद्रहासरावांनी एक निळी काच ठेवली, मुठीत मावेल एवढी, टोपीसारखी. एर्बिलचा विमानतळ मुळात फौजेचा. सद्दामच्या काळातली जुनी लष्करी धावपट्टी अजून तिथेच गवतात पडून होती, आणि तिच्या भंगारात त्यांना ही दिव्याची काच सापडली होती. सिद्धीला म्हणून आणली, पण तिने दोन मिनिटांत कूल म्हणून बाजूला टाकली. ती इरावतीबाईंच्या खिडकीत आली. संध्याकाळी त्या निरांजन लावायच्या आणि वारा लागू नये म्हणून पुढे ती काच ठेवायच्या. तिकडे त्यांचा नवरा दिवेलागणीला कळ दाबून सगळी धावपट्टी उजळायचा आणि लहानपणच्या सवयीने हात जोडायचा. बरोबरची कुर्दी माणसंही आता छातीवर हात ठेवतात, असं त्याने एकदा कौतुकाने सांगितलं होतं.

फोन रोज सकाळी सातच्या सुमारास यायचा, त्यांच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असायची. मनाली डबे भरत असायची, विराज किल्ली शोधत असायचा, आणि मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा. सप्टेंबर २०१७च्या शेवटच्या शनिवारी फोन आला तेव्हा चंद्रहासरावांचा चेहरा जरा उजळच होता.

"बंद झालं इथलं," ते म्हणाले. "कुर्दांनी स्वतंत्र व्हायचं की नाही यावर मतदान घेतलं ना, बगदाद चिडलं. आज संध्याकाळपासून बाहेरदेशचं एकही प्रवासी विमान नाही. हॉलमध्ये चिटपाखरू नाही बघ."

"म्हणजे बाबा, तुम्ही स्टक?" विराजने विचारलं. "बगदादवरून नाही येता येणार?"

"त्यांचा व्हिसा नाही माझ्याकडे. माझा इथला, कुर्दांनी दिलेला."

"मार्चच्या आत तर उघडेल ना?" मनाली म्हणाली.

"बघू. त्यांचं राजकारण, आपण काय सांगणार." मग ते इरावतीबाईंकडे वळले. "तुझं काय? बरी आहेस ना?"

"मला काय झालंय? इथे सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आमची काळजी करू नका. तुमच्या सोयीने या."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. मस्कतला फोन जोडून मिळायला तासभर लागायचा तेव्हापासून त्या हेच म्हणत आल्या होत्या. विराजला कावीळ झाली तेव्हा, सासू गेल्या तेव्हा, छप्पर गळलं तेव्हा. लांब राहून खपणाऱ्या माणसाच्या मागे कटकट लावू नये, असं त्यांना वाटायचं. त्यात थोडी ऐटही होती, ती त्यांना माहीत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर इथे ठीक वगैरे काही नव्हतं. साडेआठला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. इरावतीबाई भांडी लावायच्या, मग उगाच पुन्हा काढून पुसायच्या. पुण्यात त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. न्यूझीलंड नकाशावर दाखवताना काठी तिथपर्यंत पोचायची नाही म्हणून एक पोरगं खुर्चीवर चढवावं लागायचं. आता त्या स्वतः त्या कोपऱ्यात येऊन पडल्या होत्या. डोंगरावर फिरायला गेलं की कुत्रा घेऊन येणारे लोक इथल्या रीतीने नमस्कार म्हणून "किया ओरा" म्हणायचे, त्याही म्हणायच्या, आणि दिवसभरातलं बोलणं तिथे संपायचं. वरून विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसत. त्या बघत उभ्या राहायच्या. इतक्या माणसांना कुणीतरी घ्यायला आलेलं असेल, असा विचार मनात यायचा. एकटेपणा त्यांना नवा नव्हता, पण पुण्यात त्याला बोळ होता, शाळा होती, दाराशी भाजीवाली होती. इथे तो नुसताच होता.

डिसेंबरात त्यांनी चंद्रहासरावांची एक तपकिरी पँट बाहेर काढली. ते दोन वर्षांपूर्वी विसरून गेलेले. फोनवर हल्ली बारीक दिसत होते, तेव्हा कंबर आत घेऊन ठेवावी, आले की घालायला होईल, असा बेत. मोठ्या शॉपिंग सेंटरच्या मागच्या गल्लीत कपडे बेतून देणारं एक दुकान होतं. चालवणारी बाई चाळिशीची, नाव शीलान. तिने पँट उलटीपालटी केली.

"मेजरमेंट?" तिने विचारलं.

"माणूस इथे नाही. फोनवर दिसतात, त्यावरून सांगते. दोन बोटं आत."

शीलान हसली. "कुठे असतात?"

"एर्बिल. इराकमध्ये," इरावतीबाईंनी सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे पुढचा प्रश्न 'तिथे का' असा येईल म्हणून उत्तर तयार ठेवलं. पण शीलानने हातातली पँट खाली ठेवली.

"हवलेर!" ती म्हणाली. "आम्ही त्याला हवलेर म्हणतो. आंटी, ते माझं गाव आहे." आणि मागे वळून आपल्या भाषेत ओरडून काहीतरी म्हणाली. पडद्याआडून एक म्हातारी आली. डोक्याला पांढरा रुमाल, हात कणकेने भरलेले असावेत तसे पुढे धरलेले. ती शीलानची आई. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तिने इरावतीबाईंना दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि छोट्या काचेच्या पेल्यात काळा चहा ओतला.

"नको, नको," इरावतीबाई म्हणाल्या. "आत्ताच घेऊन आले."

पेला पुढे आला. शेजारी बशीत अक्रोड भरलेली बिस्किटं.

"खरंच नको. उशीर होतोय."

म्हातारीने ऐकलंच नाही. तिने पेला उचलून सरळ त्यांच्या हातात दिला, वर आपल्या हाताने त्यांची बोटं मिटवली आणि एक बिस्किट तोंडाशी धरलं. इरावतीबाईंनी घास घेतला आणि त्यांना एकदम रडू फुटलं. दोन वर्षांत त्यांचं नको कुणी मोडून काढलं नव्हतं. त्या कितीतरी घरी अर्धपोटी बसून आल्या होत्या, हे त्यांना तिथे, शिलाईयंत्राशेजारी, कळलं. म्हातारीने कारण विचारलं नाही. दुसरं बिस्किट दिलं.

"आई कधी आली?" डोळे पुसून त्यांनी शीलानला विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"लास्ट वीक."

"पण विमानतळ बंद आहे ना?"

"रस्ता चालू आहे, आंटी. गाडीने तुर्कस्तानच्या बॉर्डरवर जायचं, तिथून पलीकडे विमान. एक दिवस लागतो. सगळे तसेच जातात."

"परदेशी माणसंसुद्धा?"

"हीप्स! खूप! ऑक्टोबरमध्ये बाहेरचे किती लोक गेले तसे. माझा चुलतभाऊ टॅक्सी चालवतो, त्यानेच नेऊन सोडले. इंडियन, फिलिपिनो, सगळे."

इरावतीबाईंनी चहा संपवला. मग पँट तिथेच ठेवून त्या घरी आल्या, आणि स्लीपआउटचं दार लावून पलंगाच्या चालू बाजूवर बसून राहिल्या.

खोटं बोलले नव्हते ते. विमानतळ बंदच होता. नुसता रस्ता सांगितला नव्हता. माणूस खोटं न बोलता किती लांब राहू शकतो, याचा इरावतीबाईंनी त्या दुपारी हिशेब मांडला आणि त्यांचा संताप संताप झाला. मनात नाही ते आलं. दुसरी बाई? मग त्यांना ते बादलीवर बसून पाय खाणारं ध्यान आठवलं आणि तो संशय जागच्या जागी गेला. त्या माणसाला दुसरी बाई मिळाली असती तर तिलाही त्याने टॉवेल कुठला घेऊ म्हणून विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "विमानं येत नाहीत, मग दिवे कुणासाठी लावता?"

चंद्रहासराव खुलले. "अगं, प्रवाशांची येत नाहीत. परदेशी फौजांची येतात ना. पलीकडच्या टोकाला त्यांचा तळ आहे, सामानाची मोठाली विमानं उतरतात. आणि नसती आली तरी लावायलाच लागतात. वापर नसला की दिवा लवकर बिघडतो. काल त्या टोकापर्यंत चालत गेलो, सगळे एक-एक बघत. कुणी नाही, वारा, आणि दोन्हीकडे दिवे. काय शांत वाटतं सांगू!"

इरावतीबाई ऐकत होत्या. इतकं एका दमात ते त्यांच्याशी लग्नानंतर कधी बोलले होते? लोहगावच्या धावपट्टीजवळ धानोरीत त्यांचं पहिलं बिऱ्हाड होतं. डोक्यावरून लढाऊ विमान जायचं आणि दोघं बोलता बोलता थांबायची. विमान गेलं की पुढे बोलायचं. बरीच वाक्यं मात्र तशीच राहायची, कारण तोवर दूध उतू गेलेलं असायचं.

रस्त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. नाताळ गेला, जानेवारीत सगळी समुद्रावर गेली, सिद्धी पोहण्याचे नवे टॉग्ज घालून पाण्यात आणि त्या वाळूत छत्रीखाली. तिथे त्यांच्या मनाशी एक गोष्ट जुळत आली. तो माणूस नको म्हणतोय. पहिलं नको. आणि आपण इथल्या लोकांसारखं "तुमच्या सोयीने" म्हणून ताट उचलून नेतोय. वर्षानुवर्षं पोळीचा आग्रह केला, पण 'या' म्हणून आग्रह कधी केला? त्याला कुणी बोलावलंच नाही. विराजने तिकिटाच्या तारखा विचारल्या, मनालीने फॉर्म भरले, पण घरात या, तुमच्यावाचून अडलंय, असं कोण म्हणालं? न बोलावता मुलाच्या घरी कायमचा येऊन बसणाऱ्यातला तो माणूस नव्हे. हे सुचलं आणि त्यांना हायसं वाटलं. राग कुठल्या कुठे गेला. दोष आपल्याकडे आला की उपायही आपल्याच हातात येतो, आणि हातात काहीतरी असणं इरावतीबाईंना बरं वाटायचं.

पण म्हणायचं कसं? रोज सकाळी त्या ठरवायच्या. फोन लागायचा, समोर सून, मुलगा, नात. "जेवलात का?" "जेवलो." "थंडी आहे का?" "आहे." असा फेब्रुवारी गेला.

मार्चच्या मध्यावर बगदादने बंदी उठवली. त्या सकाळी नेहमीपेक्षा लवकर फोन आला. चंद्रहासरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"थांबा, दाखवतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन खिडकीकडे वळवला. काळोख, आणि त्यात दिव्यांच्या दोन रांगा, दूरवर गेलेल्या. "इतके महिने नुसते तयारीत होते. आता भरेल बघा हे सगळं. दिसतंय का?"

"दॅट्स सो प्रिटी, आजोबा!" सिद्धी म्हणाली.

"दिसलं," इरावतीबाई म्हणाल्या. "आता तुम्ही या."

त्यांचा आवाज जरा वेगळा लागला असावा, कारण डबा भरणारी मनाली थांबली.

"येईन ना," पडद्यावर पुन्हा त्यांचा चेहरा आला. "पण आता लगेच कसं? गर्दी उसळेल. अर्धी माणसं सोडून गेलीत, सगळं विस्कटलंय."

"ते लावतील त्यांचे दिवे. महिना संपायच्या आत या."

"अगं, सोयीने..."

"सोयीने नाही. मी म्हणते म्हणून या." इरावतीबाईंनी टेबलाची कड धरली होती. "मला इथे करमत नाही एकटीला. दिवस जाता जात नाही. तुम्ही या."

विराजने आईच्या तोंडून असं काही कधी ऐकलं नव्हतं. किल्ली हातात धरून तो तसाच उभा राहिला. "आज्जी, वाय आर यू क्राइंग?" सिद्धीने विचारलं आणि मनालीने तिला जवळ ओढलं.

चंद्रहासरावांनी हात वर केला. तळवा पडद्यासमोर आडवा धरला, ताटावर धरतात तसा. "नको गं," ते म्हणाले. "पुरे."

आणि इरावतीबाई मनातून हरखल्या. ही खूण त्यांना पाठ होती. हा आडवा हात त्यांनी हजार वेळा बाजूला केला होता. आता एकदाच, नेट लावून.

"मी ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "यायचं म्हणजे यायचं. खोली तयार आहे. मी वाट बघतेय."

हात पडद्यावरून हळूहळू खाली गेला. मागचा चेहरा दिसला. तो आठी घालून पोळी घेणारा चेहरा नव्हता.

"इरा," ते म्हणाले. "स्पीकर बंद कर. बाहेर जाऊन बोल."

त्या अंगणात आल्या. गवत ओलं होतं. पायात मनालीच्या जँडल्स, रबरी चपला, मोठ्या होणाऱ्या.

"बोला."

"मला खरंच नको आहे."

चंद्रहासरावच पुढे बोलत राहिले, थांबत थांबत, आयुष्यात पहिल्यांदा एखादं यंत्र नीट न समजलेल्या माणसासारखे. "मी तीसेक वर्षं एकटा राहिलोय गं. आता माणसांत जमत नाही. तिथे आलो तर दिवसभर कुणी ना कुणी विचारतं, बाबा काय हवं, बाबा कुठे जाऊ या. चांगली आहेत पोरं. पण माझा जीव कोंडतो. इथे संध्याकाळी मी चालत जातो त्या टोकापर्यंत, आणि मला वाटतं, मी ठीक आहे."

"तुम्ही तिथे उपाशी राहिलात," इरावतीबाई म्हणाल्या. "मनालीला वाढायची रीत माहीत नाही. मी बघितलं होतं तुम्हाला गॅरेजात. आता मी वाढीन. मी लक्ष..."

"तो पाय भुकेपोटी नव्हता खात, इरा. गॅरेजात बसायला काहीतरी निमित्त हवं होतं. खाताना माणसाला कुणी उठवत नाही."

त्यांच्या बाजूने मोठा आवाज सुरू झाला. फौजेचं कुठलं तरी जड विमान उतरत असावं. चंद्रहासराव बोलायचे थांबले. इरावतीबाईही थांबल्या, धानोरीतल्यासारख्याच, फोन कानाला लावून, मान जराशी खाली. आवाज वाढला, डोक्यावरून गेला, लांब गेला, विरला. पुढचं वाक्य कुणाचं होतं ते दोघांनाही आठवलं नाही.

"मी येत जाईन," अखेर ते म्हणाले. "दर वर्षी. महिनाभर. पाहुणा म्हणून."

"बरं," इरावतीबाई म्हणाल्या. त्यांना एवढंच सुचलं. आयुष्यभर त्या नको ऐकत आल्या होत्या आणि त्यातल्या एकाचाही अर्थ नको असा असेल, हे त्यांच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. किती पोळ्या त्या माणसाने नको असताना खाल्ल्या असतील, कोण जाणे.

आत आल्या तेव्हा विराज अजून तिथेच होता. "काय म्हणाले बाबा?"

"त्यांना नको आहे."

"आई, मी बोलतो. मी पुन्हा सांगून बघतो."

"नाही," इरावतीबाई म्हणाल्या. "आता पुरे. तू जा, उशीर होतोय तुला."

मार्च संपला. कुणी त्याबद्दल बोललं नाही. फोन रोज येत राहिला, जेवलात का, जेवलो. रात्री त्या इलेक्ट्रिक ब्लँकेटचं आपलं बटण चालू करायच्या आणि दुसऱ्या बाजूकडे पाठ करून झोपायच्या. हे दुःख सांगण्यासारखं नव्हतं. नवरा जिवंत, धडधाकट, रोज फोन करणारा. कोणाकडे रडायचं आणि काय म्हणून?

एप्रिलात शीलानचा निरोप आला, पँट कधीची तयार आहे. त्या गेल्या. दुकानात तीच खुर्ची, तेच यंत्र. शीलानने पँट घडी करून पिशवीत घातली.

"आले का ते? आता तर एअरपोर्ट उघडला."

"नाही," इरावतीबाई म्हणाल्या. "येणार नाहीत. त्यांना तिथेच बरं वाटतं."

शीलानने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि आपल्या भाषेत आईला हळूच काहीतरी सांगितलं. म्हातारी पडद्याआडून चहा घेऊन आली. आज ती तयारीनेच आली होती. एका हातात पेला, दुसऱ्यात बशी, आणि ही बाई आता दोनदा नको म्हणणार, मग तिची बोटं मिटवावी लागणार, अशा बेताने तिने पाय रोवले होते.

इरावतीबाईंनी हात पुढे केला आणि पेला घेतला.

म्हातारी तशीच उभी राहिली. तिची सगळी तयारी फुकट गेली होती. मग ती समोरच्या स्टुलावर बसली. दोघींना बोलायला भाषाच नव्हती. बाहेर शाळा सुटल्याचा गलका आला आणि गेला.

चहा संपला. इरावतीबाईंनी रिकामा पेला म्हातारीपुढे धरला.

"अजून द्या," त्या मराठीतच म्हणाल्या. "मला हवाय."